येतो

अप्पा वारल्याला तीन वर्षं झाली होती, तरी दर सोमवारी ते पडद्यावर यायचेच, कारण बटणावर तसं लिहिलेलं होतं.

लिहिलं होतं विशाखानं, त्यांच्या लेकीनं. दूरचा माणूस इंटरनेटवरून समोर दिसावा, बोलावा, असा प्रोग्रॅम तिनं विद्यापीठाच्या संगणक विभागात बसून जिवाचं रान करून घडवला. तपासायला पलीकडे कुणी तरी हवंच, म्हणून अंबाजोगाईला अप्पांना बसवलं. बोलणं थांबवायच्या बटणावर आधी 'समाप्त' होतं. अप्पांनी ते दाबायला साफ नकार दिला.

"माणसानं जातो म्हणू नाही गं. येतो म्हणावं."

तिनं 'येतो' लिहिलं. शेवटच्या दुखण्यात अप्पा तेच बटण दाबून गेले आणि शब्दाला जागले. विभागात कुणाला नवल वाटलं नाही. प्रोग्रॅम चांगला चालतो, एवढंच सगळे म्हणाले.

चांगला चालतो म्हटल्यावर कंपनी आलीच, आयत्या बिळावर नागोबा. विद्यापीठानं कंपनीला प्रोग्रॅमचा व्यावसायिक परवाना द्यायचं ठरवलं आणि सह्यांचं टेबल विशाखाच्याच खोलीत मांडलं. पहिली सही झाली तशी मागची भिंत हातभर पुढे आली. मंडळींनी खुर्च्या पुढे ओढल्या आणि चहा घेतला.

"कंपनीला एकच बदल हवाय," परवान्यांचं काम बघणारे लोहगावकर सर म्हणाले. "त्या बटणावर समाप्त."

"सर, मग अप्पा येणार नाहीत."

"मॅडम, एका शब्दासाठी अडवू नका."

"शब्द माझा आहे."

"विद्यापीठाच्या पगारात लिहिलेला शब्द विद्यापीठाचा. तुमच्यासाठी शाल-श्रीफळ सांगितलंय की."

तिची सही कुठेच लागत नव्हती. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. दुसऱ्या सहीत तिच्या आवाजाचे हक्क कंपनीकडे गेले. ती ओरडली, पण तोंडातून काही निघालं नाही. भिंत आणखी पुढे आली. कपाट भिंतीत गेलं, मग कंपनीचे लोकही हसतमुखानं भिंतीत गेले. लोहगावकरांनी जाता जाता तिच्या खांद्यांवर शाल घातली आणि तिचे हात आत घट्ट गुंडाळून टाकले.

सोमवार होता. अप्पा आले.

"दिसायलो का गं?"

बटण दाबू नका, अप्पा, ती म्हणत होती. नुसते ओठ हलत होते. अप्पांनी कान पडद्याजवळ आणला.

"आवाज येईना गेलाय बघ. शाल कशाची? सत्कार केला वाटतं तुझा." त्यांचे डोळे भरून आले. "चांगलं झालं. तुझ्या कष्टाचं चीज झालं."

भिंतीपलीकडे तिसरी सही झाली असावी. भिंत तिच्या पाठीला लागली, टेबलाची कड छातीत रुतली. खोलीत आता ती आणि पडदा एवढंच मावत होतं. बटणावरची अक्षरं तिच्या डोळ्यांदेखत बदलली. अप्पांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. पण बटणाची जागा त्यांना पाठ होती.

"तू कामात दिसतीस," ते म्हणाले. "बरं, येतो."

आणि त्यांचं बोट पुढे येऊ लागलं. आधी त्यानं त्यांची हनुवटी झाकली, मग हसू, मग डोळे.