एका दिवसाची तूट

पणजी सुईण होती, आजी लसींची पेटी घेऊन गावोगाव हिंडली, आई याच प्रसूतिगृहात तीस वर्षं परिचारिका होती. आणि चौथ्या पिढीतली ही प्रोग्रामर एंटरच्या कळीवर टेकवलेलं बोट उचलून खुर्चीवरून उठली. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच शिस्त होती: आपल्या हातून चुकलं तर आधी सांगायचं, मग निस्तरायचं.

जन्मनोंदणीचा प्रोग्राम तीन वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. त्यातली चूक तिला काल सापडली. टाकलेल्या तारखेला प्रोग्राम इथल्या मध्यरात्रीची वेळ जोडे आणि साठवताना तिचं जागतिक प्रमाणवेळेत रूपांतर करी. तिथे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळच असे. बारा तारखेचं बाळ अकराचं होऊन बसे. आता सगळ्या तारखांत एक दिवस मिळवला की झालं. दुपारी बाराला तिन्ही वर्षांची यादी पालिकेकडे जायची होती. तिथे दाखले छापले गेले की ती तारीख जन्माची.

नोंदणीबाई खिडकीशी डुगडुगणाऱ्या टेबलावर कागद लावत होत्या.

"बाई, थोडं बोलायचं होतं."

"बोला. संगणक बंद पडला असेल तर मी हात लावलेला नाही."

"चूक माझ्या प्रोग्रामची होती. पहिल्यापासून. दोन वर्षांपूर्वी तारीख चुकल्याच्या पालकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा मी तुमच्या टायपिंगवर ढकललं. ते ताकीदपत्र तुम्हाला माझ्यामुळे मिळालं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला ठाऊक आहे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, यंत्र चुकत नसतं."

तिने मान खाली घातली. ताकीद मिळताच तक्रारी थांबल्या होत्या, आणि तोच तिने पुरावा मानला होता.

"आता सगळ्या तारखा एकेक दिवस पुढे सरकवते. बाराच्या आत होईल."

"सगळ्या?" बाईंचा हात कागदावर थबकला. "अहो, सगळ्या कशा? ताकीद आली त्या दिवसापासून मी पुढचीच तारीख टाकते. बाराचं बाळ असलं की तेरा. तुमचं यंत्र रोज एक दिवस खातं, तर म्हटलं, एक जास्तीचा वाढावा. पडद्यावर बरोबर बारा येते."

प्रोग्रामर शेजारच्या स्टुलावर बसली. एंटर दाबलं असतं, तर दोन वर्षांची सारी बाळं एक दिवस उशिरा जन्मली असती.

प्रसूतिकक्षाच्या वहीतून बाई तारखा वाचत गेल्या, ती पडद्याशी ताडत गेली. ताकीदपत्राच्या आधीची प्रत्येक नोंद एक दिवस मागे, नंतरची प्रत्येक अचूक. तिने दुरुस्ती फक्त पहिल्या वर्षापुरती बांधली, मग प्रोग्राममधून वेळ काढूनच टाकली. तारीख नुसती तारीख राहिली.

"आजपासून बाराचं बाळ बारालाच टाका."

"सवय मोडायला त्रास होणार आहे," बाई म्हणाल्या.

बाराला वीस मिनिटं असताना यादी गेली. तिने दीर्घ श्वास सोडला आणि तिथेच बसून मुख्य डॉक्टरांना पत्र लिहिलं: दोष सर्वस्वी माझा, ताकीदपत्र रद्द व्हावं.

डॉक्टरांनी पत्र वाचून तिच्याकडे पाहिलं.

"हे फाइलला लावलं की तुमच्या नावाला बट्टा लागेल. मी तोंडी सांगितलं तर चालणार नाही?"

"ताकीद लेखी होती, डॉक्टर."

त्यांनी ताकीद रद्द केल्याच्या आदेशावर सही केली, शिक्का मारला. ताकीदपत्र फाइलमधून निघालं आणि त्या जागी तिचं पत्र बसलं.

बाईंनी आदेश सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग खणातून ताकीदपत्राची आपल्याकडची प्रत काढली, तिच्या चार घड्या घातल्या.

"ते टेबल जरा उचल गं."

तिने टेबलाचा कोपरा उचलून धरला. बाईंनी घडी आखूड पायाखाली सारली आणि तळहाताने टेबल दाबून पाहिलं. ते हललं नाही.