निर्णय तुमच्या टीमचा

"एकेकाला वर्गात कोंडून पेटवून देईन!" असं किंचाळून मी खुर्ची अशी काही आपटली, की पुढच्या रांगेतल्या गणिताच्या बाईंचा चहा साडीवर सांडला.

टाळ्या पडल्या! मला तर झुकून अभिवादन करावंसं वाटत होतं.

"कार्टी जबरदस्त आहे हो तुमची," मुख्याध्यापक आईला म्हणाले.

"घरी रोज फुकट बघते मी," आई म्हणाली. सगळे हसले.

माझी आई शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना शिकवते. एखादं मूल धोक्याचं बोललं, तर घाबरून त्याला हाकलायचं नाही आणि हसण्यावारीही न्यायचं नाही. त्याला विचारायचं, घरच्यांना विचारायचं, नुसता राग आहे की खरंच काही जमवाजमव चाललीय ते बघायचं. मला कळायला लागल्यापासून ती हेच करतेय. प्रोजेक्टर खांद्यावर, घसा कायम बसलेला. मला सुट्टी असली की ते 'मूल' मी होते. एरवी प्रसंग आई रचते. आज मात्र मुख्याध्यापकांनी स्वतःच सांगितला होता.

"मी बाहेरची. मला मत नाही," आई दर वेळी सांगते, तसं तिने सकाळीच बनवलेल्या शाळेच्या टीमला, म्हणजे मुख्याध्यापक, पीटीचे सर आणि गणिताच्या बाईंना, आजही सांगितलं. "निर्णय तुमच्या टीमचा. आता विचारा हिला."

पीटीचे सर उठले. "काय गं, माज आलाय का?"

"सर, ही तर तुमचीच धमकी झाली."

"बरं. लाज नाही वाटत?"

हशा पिकला. शेवटी गणिताच्या बाईंनी साडी पुसत विचारलं, "काय झालं होतं, बाळा?"

पण याचं उत्तर मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मधल्या सुट्टीत पाणी प्यायला बाहेर आले, तर बाकावर माझ्याच वयाची एक मुलगी बसलेली. शेजारी तिचे बाबा, गॅरेजच्या कपड्यांत, मांडीवर हेल्मेट.

"तू माझंच बोलत होतीस ना?" ती म्हणाली. "बाहेर सगळं ऐकू येत होतं. मी खुर्ची नव्हती आपटली. बसूनच बोलले होते."

माझी सगळी हवाच गेली. मी धावत जाऊन आईला घेऊन आले. आई तिच्या शेजारी टेकली आणि तिने गणिताच्या बाईंचाच प्रश्न विचारला, काय झालं होतं.

"वर्गातली पोरं ग्रुपवर माझे फोटो टाकायची. डुकराचं तोंड लावून," मुलगी म्हणाली. "पीटीच्या सरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, मनावर घेऊ नकोस. मग एक दिवस मी तसं बोलून गेले."

"घरी काडेपेटीसुद्धा नाही हो, मॅडम," बाबा म्हणाले. "लायटर आहे, तो पण धड लागत नाही."

आई तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. आत टीमची तीच मंडळी कप ठेवून उठत होती.

"त्या मुलीला कोणी काही विचारलंच नाहीये," आई म्हणाली.

"मॅडम, आत्ताच बैठक झाली. दाखला देतोय."

"चहा पिता पिता? माझं शिकवून अर्धंच झालंय!"

"टीम तुम्हीच बनवलीत. निर्णय टीमचा, बाहेरच्याला मत नाही, हेही तुमचंच." ते अगदी नम्रपणे हसले. "सकाळी हेच केलं असतं, तर पालक भांडले असते. आता आमचा स्टाफ प्रशिक्षित आहे."

आईने गणिताच्या बाईंकडे बघितलं.

"मुलगी चांगली असेलही हो," बाई साडीवरच्या डागाकडे बघत म्हणाल्या. "पण तुमची ही एवढी अंगावर आली ना... भीतीच बसली."

आई त्यांच्याशी बराच वेळ भांडली. घसा पार गेला, शेवटी नुसते ओठ हलत होते.

दुपारी पायऱ्यांवर ग्रुप फोटो ठरला होता. सगळे ओळीने उभे राहिले, आईला मधली जागा. तेवढ्यात आमच्या मागच्या दारातून ती मुलगी आणि तिचे बाबा बाहेर आले. खाली उतरायला दुसरी वाट नव्हती. ओळ मधोमध फाकली. पीटीच्या सरांनी तर "या, या" म्हणून हातही केला. दोघं खाली उतरले. आईही ओळ सोडून त्यांच्यामागे चालू लागली.

"मॅडम, फोटो!" फोटोग्राफर ओरडला.

आईकडे ओरडून सांगायला आवाजच उरला नव्हता. तिने मागे न बघताच हात हलवला.

"जाऊ दे, तू ये गं हिरॉइन," म्हणत कोणीतरी मला ओढून मधे उभं केलं, आणि दोन्ही बाजूंनी सगळे मला चिकटून सरकले.

फाटकापाशी बाबा स्कूटरला किक मारत होते. ती लागत नव्हती. आई मागून धक्का देत होती.