भुऱ्या पुढे, बशीरभाऊ मागे

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही हे अख्ख्या राजुऱ्याला माहीत होतं. कबूल नव्हतं ते फक्त माझ्या नवऱ्याला.

सारा जन्म कूलरचे पत्रे ठोकण्यात गेला. होळी जवळ आली की यांच्या शेडमधून जी ठोकाठोक सुरू व्हायची ती पार मृग लागेपर्यंत. कान बिचारे किती दिवस साथ देतील? पण हा माणूस कबूल करेल तर शपथ. सलमानने, आमच्या मुलाने, चंद्रपूरहून कानाचं मशीन आणून दिलं. ते दोन दिवस लावलं आणि मग कपाटात अत्तराच्या बाटलीशेजारी ठेवून दिलं. "याच्यातून नुसता कूलरचाच आवाज येते," म्हणाले. "माझे कान ठीक हायेत. लोकच आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात." कोणी काही बोललं की हे मान डोलवायचे. लग्नाचं आमंत्रण असो की मयतीची खबर, तीच मान आणि तेच हसू. मयतीच्या खबरेवर हसले म्हणून माझा मावसभाऊ वर्षभर आमच्याशी बोलत नव्हता.

असा हा माणूस रोज सकाळी घरून निघायचा, नाल्यावरचा पूल ओलांडायचा आणि बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर जुन्या दोस्तांत जाऊन बसायचा. शेड आता सलमानकडे आहे, तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. यांच्यासाठी ती टपरी हेच जग उरलं होतं. पण त्या पुलावर बाजूने चालायला जागा नाही, आणि कोळशाचे ट्रक एकामागे एक येत असतात. हे निघाले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. मी रोज दुआ करायचे, आणि दोन वर्षं यांना साधं खरचटलंही नाही. सगळं श्रेय मी माझ्या दुआंना देऊन मोकळी झाले होते.

सोबतीला भुऱ्या असायचा. हा आमचा कुत्रा. आमचा म्हणजे अंगणातला, घरात नाही. त्याचं पाण्याचं भांडंही कडुनिंबाखाली वेगळं. बिरजूने तो पिल्लू असताना आणून दिला होता. बिरजू जिवतीकडच्या जंगलातल्या गावचा, डिंक आणि चारोळी घेऊन आठवडी बाजाराला येतो आणि यांच्याशी त्याची जुनी दोस्ती. देताना एवढंच म्हणाला होता, "बशीरभाऊ, आमच्याकडं कुत्रा पुढं चालते, माणूस मागं. रस्त्यात काही असलं तं पह्यले त्याले कळते." आणि भुऱ्या तसाच चालायचा. चार हातांवर पुढे तो, मागे हे. दोरी नाही, पट्टा नाही.

हे सलमानला खटकलं. मोबाइलवर कुत्रे शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून आला आणि म्हणाला, "अम्मी, हे चुकीचं हाये. कुत्र्यानं मालकाच्या डाव्या गुडघ्याजवळ, थोडं मागं चालाव लागते. पुढं चालला का त्याले वाटते, तोच मालक हाये." मग पट्टा आला, बिस्किटं आली, आणि रोज संध्याकाळी गल्लीत शाळा भरू लागली. पोरगा मेहनती आहे, तिथे नाव ठेवायला जागा नाही. महिनाभरात भुऱ्या असा काही गुडघ्याला चिकटून चालायला लागला की गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायच्या. मीही कौतुक केलं. यांना विचारलं, "कसं वाटते हो?" तर म्हणाले, "चांगलं हाये." तोंड मात्र अळणी वरण वाढल्यासारखं. मला वाटलं, पोराचं कौतुक यांना बघवत नाही.

त्याच आठवड्यात पुलावर ट्रक यांना घासून गेला. हातातली पिशवी उडाली, हे कठड्यावर आदळले, कोपर सोलून निघालं. ड्रायव्हर भला माणूस होता, घरापर्यंत सोडायला आला. पण त्याने जाता जाता सलमानला सांगितलं, "मी हॉर्न देऊन राह्यलो होतो ना भाऊ. हा कुत्राच त्याहिले ओढून राह्यला होता."

झालं. सलमानने दारातच निकाल दिला. "आजपासून अब्बा एकटे बाहेर नाई जाणार. आन कुत्रा बी नाई पाह्यजे. बिरजूभाऊले फोन करतो, बाजाराच्या दिवशी घेऊन जाईल." यांनी नेहमीसारखी मान डोलावली.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. हे सकाळी तयार होऊन, टोपी घालून खुर्चीत बसायचे आणि तिथेच राहायचे. टीव्हीचा आवाज एवढा की शेजारणीला बातम्या फुकट. जेवण अर्ध्यावर सोडायचे. माझं डोकं दुखायचं, चीड यायची, आणि मध्येच यांची ती पाठमोरी टोपी दिसली की उठून यांच्यासाठी चहा टाकायचे. पिंजऱ्यात घातलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवसांत पाहिलं.

एका दुपारी वीज गेली म्हणून टीव्ही बंद होता. मी अंगणात तांदूळ निवडत होते. हे माझ्याकडे पाठ करून बसलेले, पुढ्यात भुऱ्या आडवा. मी आपली स्वतःशीच पुटपुटले, "एक दिवस मी तो टीव्हीच फोडून टाकतो."

हे वळून म्हणाले, "काय म्हणते?"

माझ्या हातातलं सूप थांबलं. ज्या माणसाला दार वाजलेलं कळत नाही, त्याने पुटपुटणं ऐकलं?  थोड्या वेळाने भाकरीचा तुकडा दाखवून भुऱ्याला माझ्यामागे बोलावून घेतलं आणि मोठ्याने हाक मारली, "अजी, चहा झाला!" काही नाही. अजून मोठ्याने. शेजारीण डोकावली, पण हे हलले नाहीत. मग भुऱ्याला परत यांच्या पुढ्यात हाकललं, तो बसला, आणि मी हळूच म्हटलं, "अजी." भुऱ्याचा एक कान माझ्याकडे फिरला. हे वळले. यांनी मला ऐकलं नव्हतं, तो कान पाहिला होता.

मी सूप बाजूला ठेवलं आणि समोर जाऊन बसले, माझे ओठ दिसतील अशी. "पुलावर तुम्हाले कसं कळते ते सांगा."

यांनी भुऱ्याच्या कानांकडे बोट केलं. मग म्हणाले, "सायकल आली तं त्याचा एक कान मागं फिरते. मोटरसायकल आली तं दोन्ही. ट्रक असला तं तो सोताच रस्ता सोडून कडेले जाते. मी त्याच्या मागं जातो."

"आन सलमाननं त्याले गुडघ्यापाशी आणला, तेव्हा काऊन नाई बोलले?"

"गुडघ्यापाशी त्याचे कान दिसत नाई."

"तेच विचारून राह्यली ना मी! काऊन नाई बोलले?"

"बोललो असतो तं सांगाव लागलं असतं."

"काय सांगाव लागलं असतं?"

यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हेच, का मले ऐकू येत नाई."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. एवढ्या एका वाक्यासाठी हा माणूस ट्रकखाली जायला तयार होता! आणि तो बिचारा जीव यांना रस्त्याबाहेर ओढत होता, तर आपण त्यालाच गुन्हेगार ठरवून मोकळे. मी यांना नको नको ते बोलले. भुऱ्याचे दोन्ही कान ताठ उभे राहिले, तेव्हा यांना अंदाज आला आणि हे चक्क हसले.

संध्याकाळी सलमान आल्यावर मी म्हटलं, "बस. तुझ्या अब्बाले काही सांगायचं हाये." यांनी सांगितलं. सलमान म्हणाला, "अब्बा, ते तं सगळ्याले माहीत हाये." पण भुऱ्याच्या कानांचं कळल्यावर तो म्हणाला, "कुत्र्याच्या कानावर मी तुमचा जीव ठेवू? काही झालं तं मी काय करू, अब्बा?"  पोरगा हट्टी नव्हता, घाबरलेला होता. ते मला तेव्हाच समजलं.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता. सकाळी मी दुपट्टा घट्ट गुंडाळला आणि सलमानला म्हटलं, "गाडी काढ. आपण त्याहिच्या मागं मागं जाऊ. हॉर्न वाजव, नको वाजवू, तुले जसं पाह्यजे तसं पारखून घे. एकदा बी चुकले तं कुत्रा बिरजूच्या हातात मी सोता देतो."

असं बोलून तर गेले, पण गाडीवर बसताना माझ्या ओठांवर दुआ सुरूच होती. यांनी भुऱ्याचा पट्टा काढून मला दिला. भुऱ्याने अंग झाडलं, गुडघ्याजवळ एक क्षण घुटमळला, यांच्या तोंडाकडे पाहिलं. यांनी हात पुढे केला. तो गेला, थेट चार हातांवर, आपल्या जागेवर.

गल्ली संपली, रस्ता लागला. सलमानने मागून जाऊन हॉर्न दिला. भुऱ्याचे दोन्ही कान मागे आले, आणि यांनी मागे न बघता बाजूला होऊन हाताने खूण केली, जा पुढे. सलमानने गाडी मंद केली, मागे राहिला, मग हॉर्न न देता हळूच जवळ नेली. परत तेच. मान वळली नाही, पाऊल अडखळलं नाही. फक्त हात उठला, जा बाबा पुढे. एकदा सायकलवाला गेला, तर हे नुसते एका खांद्याने सरकले. मी सलमानच्या कानात ओरडत होते, "पाह्य, पाह्य! पाह्यलं का?" तोही हसायला लागला होता.

पूल आला. आणि पुलाच्या तोंडाशी भुऱ्या थांबला. कान डोक्याला चिकटले, आणि तो वळून रस्त्याखाली गवतात उतरला. हेही उतरले. मी अजून सलमानच्या कानात ओरडतच होते, गाडी पुलाकडे चालली होती. तेवढ्यात हे आमच्याकडे वळले आणि पत्रा ठोकताना शेडमध्ये ओरडायचे तसे ओरडले, "सलमान! बाजूले हो!"

सलमानने गाडी गवतात घातली. आम्ही दोघं तिरके होऊन थांबतो न थांबतो तोच मागून आलेला कोळशाचा ट्रक अगदी जवळून धाडधाड निघून गेला. काळी धूळ बसली. माझा दुपट्टा, सलमानचा शर्ट, सगळं काळं.

हे गवतातून वर आले. लेकाजवळ गेले, त्याचा खांदा धरला आणि खरोखरच्या काळजीने विचारलं, "तुले ऐकू नाई आला का?"

 सलमानने गाडी बंद केली, खाली उतरला आणि ती ढकलत यांच्या मागे चालू लागला. तसा आमचा मोर्चा पुलावरून गेला. भुऱ्या, त्याच्या मागे हे, त्यांच्या मागे काळाठिक्कर पडलेला सलमान, आणि शेवटी मी, छाती फुगवून, हातात तो रिकामा पट्टा घेऊन. समोरून येणारे लोक थांबून बघत होते. बघू देत म्हटलं, आज फुकट आहे.

टपरीवर बिरजू वाट बघत बसला होता. शेजारी दोरी गुंडाळून ठेवलेली. यांना पाहून जुने दोस्त उठून उभे राहिले, गळाभेटी झाल्या. बिरजूने काहीतरी विचारलं. मी यांच्याकडे पाहिलं. आता मान डोलेल, आता ते हसू येईल.

मान डोलली नाही. हे कानामागे हात धरून पुढे वाकले आणि सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बिरजू, जोरात बोल. मले ऐकू येत नाई."

 मग बिरजू सगळा जोर लावून ओरडला, "मी विचारून राह्यलो, भुऱ्याले न्यायचं का?"

यांच्याआधी सलमान बोलला. "नाई," तो म्हणाला, आणि मग आठवण झाली तसा अब्बांच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं, पुन्हा म्हणाला, "नाई न्यायचं."