लांब घंटा

हेडक्लार्क शिवदासचं अक्षर सुंदर. कॉलेजच्या फलकावरची प्रत्येक सूचना त्याच्याच हातची, आणि खोटं कशाला बोला, त्या अक्षराचा त्याला बराच गर्व होता. पण त्या सोमवारची सूचना लिहिताना हेडक्लार्कसाहेबांनी तीन कागद फुकट घालवले.

"धोक्याचा निरोप येताच ऑफिसने ताबडतोब लांब घंटा वाजवावी," हा मजकूर प्राचार्यांनी सांगितला होता. वर त्याची पाठ थोपटून म्हणाले होते, "त्या दिवशी तुम्ही होता म्हणून मुलं वेळेवर बाहेर पडली." शिवदासला मान वर करवेना.

गोव्यात भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. आज इथे रस्त्यात झाड आडवं, उद्या तिथे बसवर दगड. डिचोलीच्या त्या कॉलेजात फोन एकच, तोही शिवदासच्या टेबलावर. त्या दिवशी पावणेअकराला बसस्टँडवरच्या ओळखीच्या माणसाने कळवलं की अकराची पेडण्याची बस शेवटची, मग रस्ता बंद. प्राचार्य पणजीला गेलेले, तेव्हा घंटेचा हुकूम शिवदासनेच द्यायचा. शिपाई सखारामने तर दोर हातात घेतलाच होता.

"वाजवूं, सायबा?"

"रव जरा. मी येतंय."

शिवदासची लेक सिद्धी तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. घंटा झाली की पोरं धावणार, बस खच्चून भरणार आणि आपली भिडस्त पोर मागेच राहणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो वर्गाच्या दाराशी गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सिद्धी, तुझ्या आवशीक बरां नाय. घरा चल."

तिच्या बाकावरची कमलाक्षी लगेच उठली. तीही पेडण्याचीच. "काका, मी येव काय तिच्या सोबतीक?"

"नको गो. तू शीक," शिवदास म्हणाला.

सिद्धीला त्याने स्टँडवर नेऊन बसच्या खिडकीपाशी बसवलं. बस निम्मी रिकामी होती. ड्रायव्हरला जरा थांबवलं असतं तर आणखी वीस-पंचवीस पोरं सहज मावली असती. पण थांबवायचं तर घंटा आधी का वाजली नाही, ते सांगावं लागलं असतं. बस गेली. मग तो परतला आणि सखारामला मान हलवून म्हणाला, वाजव.

पोरं स्टँडवर पोचली तेव्हा तिथे नुसती धूळ होती. पेडण्याची सगळी म्हापशाच्या दिशेने चालत निघाली. एका वळणावर दगड आले आणि कमलाक्षीच्या कपाळाला पाच टाके पडले.

इकडे सिद्धी धापा टाकत घरी पोचली, तर आई आदोळीवर नारळ किसत बसलेली, ठणठणीत. आठवडाभर कॉलेज बंद होतं, तेवढे दिवस सिद्धी बापाला जेवण वाढत राहिली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. बाप झाला की कोणीही हेच केलं असतं, असं शिवदास स्वतःला बजावत होता. लाज काही केल्या जात नव्हती.

त्या सोमवारी कॉलेज उघडलं. शिवदास फलकावर सूचना लावत होता, सखाराम टाचण्या धरून शेजारी उभा. मागे सिद्धी आणि कपाळाला पट्टी बांधलेली कमलाक्षी येऊन थांबल्या.

"काका," कमलाक्षीने मायेने विचारलं, "काकी बरी आसा काय आता?"

सखाराम टाचण्यांकडे बघत राहिला. शिवदासच्या तोंडून कसंबसं निघालं, "होय गो. बरी आसा."

सिद्धीने सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी ती पोर मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"बाबा, फुडल्या खेपेक फोन इलो तर माका सगळ्यांच्या मागसून सांग."

कमलाक्षीने आधी तिच्याकडे बघितलं, मग शिवदासकडे. तिचा हात सावकाश कपाळावरच्या पट्टीकडे गेला.