मोहगावची बस लागली

"लिहून दे ना बेटा. लिहिल्यानं काय जाते?" श्रीधरनं कोरा कागद केतकीपुढे सरकवला.

"मी हॅकिंग केलंच नाही बाबा, तं कायले लिहू?"

टेबलापलीकडे प्रिन्सिपलसाहेब फोन हातात धरून बसले होते. पोलिसांना बोलावू का, एवढंच विचारत होते.

केतकी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. मोहगावच्या मुली प्रॅक्टिकलच्या नादात शेवटची बस चुकवतात, म्हणून तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. वेळ झाली की लॅबच्या सगळ्या पडद्यांवर ‘मोहगावची बस लागली, निघा’ असं झळकायचं. बापाचंच काम तिनं मशीनला शिकवलं होतं. श्रीधरची हयात सौंसरच्या बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली होती. पण लॅब आणि ऑफिस एकाच वायरवर आहेत, हे बिचारीच्या ध्यानातच आलं नाही. ऑफिसात बाबू परीक्षेचे गुण भरत होते. त्यांच्याही पडद्यावर बस लागली. बाबूंनी घाबरून बटणच बंद केलं, भरलेलं सगळं उडालं आणि हॅकिंग झालं म्हणून कॉलेजभर बोभाटा झाला.

श्रीधरला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पोलिसांत गेलं तर पोरीचं शिक्षण संपलं, एवढंच कळत होतं. आणि माफीनामा कळत होता. स्टँडवर भांडण झालं, एखादी सवारी मागे राहिली, की चूक कुणाचीही असो, बसमालकाला माफीनामा लिहून द्यायचा. मालक वाचायचा, चार शिव्या हासडायचा, कागद फाडायचा आणि चहा मागवायचा. असे कितीतरी माफीनामे श्रीधरनं लिहिले होते. त्यांतला एकही खरा नव्हता, आणि एकानंही त्याचं काही बिघडलं नव्हतं.

"माह्यासाठी लिही," तो म्हणाला.

मग केतकीनं मान खाली घालून तो सांगेल तसं लिहिलं. मी जाणूनबुजून कॉलेजचे कॉम्प्युटर हॅक केले, माफी असावी. खाली सही केली.

साहेबांनी कागद वाचला. श्रीधर तो फाटायची वाट बघत उभा राहिला. साहेबांनी त्यावर शिक्का मारला आणि तो फाइलला लावला.

"अब तो लडकी ने खुद मान लिया. कॉलेज में नहीं रख सकते."

श्रीधर पुढे झाला. "साहेब, ते म्या लिहवून घेतलं जी. पोरीनं काहीच नाही केलं." हात जोडून तो तेच तेच सांगत राहिला. साहेबांनी फाइल त्याच्याकडे वळवून सहीवर बोट ठेवलं आणि ही कुणाची, असं विचारलं.

श्रीधरनं पोरीकडे बघितलं. ती चिडली असती, ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

"माझीच आहे सर," केतकी म्हणाली. "बाबांना काही नका बोलू."