खिडकीखालचं झाड

अप्पांनी आळ्यात खुपसलेलं खुरपं वर काढलं, तर त्याला माती नव्हे, चिखल चिकटून आला. कुजका वास सुटला. वर ऊन आग ओकत होतं, खाली फरशी तळपायांना चटके देत होती, आणि झाड मात्र बुडून मरत होतं.

पाणी फक्त आपणच घालतो, असा अप्पांचा समज होता. पानांनी माना टाकल्या, तशी त्यांनी एकीच्या दोन बादल्या केल्या होत्या. आता त्यांनी आजूबाजूला जमलेल्यांना विचारलं.

"मी आपलं भाज्या धुतलेलं पाणी ओतते हो," वरच्या वहिनी म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं?"

"मी पण मारतो जरा," वॉचमन म्हणाला. "पाइप हातात असतोच."

मुलगा गाडीची किल्ली चाचपत राहिला. "ऑफिसला जाताना एकच बादली, अप्पा. आईसाठी."

एरवी घोटभर पाण्यावरून एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या त्या इमारतीत पहिल्यांदाच एकी झाली होती. आणि तीही एकमेकांना पत्ता लागू न देता.

"आता कोणी थेंबभरही घालायचं नाही," अप्पा म्हणाले.

"मग करायचं काय?" मुलाने विचारलं.

"काही नाही. वाट बघायची."

"अहो, एवढ्या उन्हात नुसतं बघत बसायचं?" वहिनींना ते माणुसकीला सोडून वाटलं.

आजारी बायकोच्या, माईंच्या बाबतीत डॉक्टरही नेमकं 'वाट बघायची' म्हणाले होते, तेव्हा अप्पांनी डॉक्टर बदलला होता. नवा डॉक्टरही तेच म्हणाला, फक्त जास्त गोड बोलून.

ते घरात आले. माई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. अंथरुणाला खिळल्यापासून ती एक फांदी म्हणजेच त्यांचं बाहेरचं जग होतं. आता तिच्यावर पानं कमी आणि आभाळ जास्त दिसत होतं.

"अहो, आज पाणी नाही घातलंत?"

"घालतो ना. आत्ताच निघालो होतो."

अप्पांनी बादली भरली. झाडाशी क्षणभर थांबले. मग चोरासारखं इकडेतिकडे बघून, खिडकीखाली भिंतीलगतच्या गटारात ती सावकाश रिती केली, आवाज वरपर्यंत जाईल अशा बेताने. पाणीटंचाईच्या दिवसांत असं करताना कोणी पाहिलं असतं, तर सोसायटीने वाळीत टाकलं असतं.

परत आले, तेव्हा माईंचे डोळे मिटलेले होते. अप्पांनी चादर सारखी केली, जी आधीच सारखी होती.

"गटारात ओतलंत. आवाजावरून कळलं," माई म्हणाल्या.

अप्पांचा हात चादरीवरच थांबला.

"उद्याही तिथेच ओता," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पण ओता."