माझी मागची फळी

मी होडी बोलतेय, तापीवरची. अंगानं फायबरची, पण पोटात लाकूडच आहे. तळाला प्लायवूड आणि मागे, इंजिन टांगायला, जाड लाकडी फळी. वरून फायबरचं कातडं. म्हणून मला आतून काय होतंय ते बाहेर दिसत नाही.

शिरपूरच्या खालच्या अंगाला भाईदास आणि गिरधर या दोघा भावांनी मला पंधरा वर्षं चालवलं. पुलावरून बावीस किलोमीटरचा वळसा पडतो. माझ्यातून दहा मिनिटं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पलीकडचा काठ आला की बोलणं अर्धं सोडून उतरत, आणि परतताना तिथूनच पुढे धरत.

इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून फळीत पाणी मुरत गेलं. गेल्या चैत्रात भाईदासनं ती अंगठ्यानं दाबून पाहिली. दबली. त्यानं भोकं बुजवली, वरून निळा रंग दिला आणि गप्प राहिला. लग्नसराई होती, होडी थांबवायची नव्हती.

वैशाखात, भर नदीत, फळी फाटली आणि पाणी आत शिरलं. इंजिनापाशी धाकटा गिरधर होता. निखळतं इंजिन धरायला त्यानं दोन्ही हात टाकले आणि इंजिनाच्या दोरीचा वेढा त्याच्या पायाला बसला. लग्नाला निघालेली सहा माणसं मासेमारांनी काठाला आणली. गिरधर दुसऱ्या दिवशी सापडला. तो खाली जाताना मी पाहिला. मला हात नाहीत.

पावसाळाभर मी काठावर उपडी पडून होते. कापसाची वेचणी तोंडावर आली तशी गिरधरची बायको कोकिळा थोरल्या दिराला, भाईदासला, म्हणाली, "भाऊ, होडी दुरुस्त करा. मी चालाडसू. घर चालाडनं शे."

फैजपूरहून नासीर आला, फायबरचं काम करणारा. त्यानं माझा तळ आणि मागचा भाग कापून उघडला. आतलं लाकूड ओल्या भुशासारखं हातात आलं.

"भाईदासभाऊ, हे दोन-तीन वर्षांचं कुजणं आहे," तो म्हणाला. "फळी आधीच मऊ लागली असेल."

कोकिळा घमेल्यात कचरा भरत होती. तिचे हात थांबले.

"भाऊ, तुम्हले माहीत व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं.

"माहीत व्हतं," भाईदास म्हणाला. "गिरधरले सांगं नई."

ती घमेलं उचलून पाण्याकडे गेली. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "फळी जाड बसाडा," तिनं नासीरला सांगितलं. भाईदासकडे पाहिलं नाही.

नासीरनं नवी फळी बसवली, काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझिनचे थर दिले. घासायचं सगळं काम भाईदासनं मागून घेतलं. काचेची कुसं टोचून हात सोलले, तरी त्यानं फडकं बांधलं नाही.

आता मला कोकिळा चालवते. भाईदास रोज सकाळी गुडघाभर पाण्यापर्यंत मला ढकलतो आणि तिथंच थांबतो. पलीकडे काम निघालं तर एसटीनं पुलावरून जातो.

परवा कोकिळानं इंजिन सुरू न करता दोर धरून ठेवला. "बसा भाऊ, आज बाजार शे."

त्यानं मला आणखी थोडं ढकललं. "तू जाय."

ती आणखी थोडी थांबली. मग निघालो.

भाईदास, तिनं तुला माफ केलं का, मला ठाऊक नाही. पण परवा आपल्या शेजारच्या जागेवर तिनं बाकी कुणालाही बसू दिलं नव्हतं. एकदा ये.